एल्वीची डावी गाठ

एल्वी रंतालाच्या पोटात दुखतं, हे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आमच्या इल्वाको बंदरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, आणि तिनेही ते कधी लपवलेलं नाही. दुसऱ्याची बोट समुद्रातून परत येताना दिसली की आपण हात करतो, दोन शब्द ओरडतो. एल्वी हात करत नाही. ती आधी बोटीच्या अंगावरची लाल रेघ बघते. रेघ पाण्याखाली गेली असेल तर बोट खेकड्यांनी भरून आलेली आहे. रेघ वर दिसत असेल तर बिचाऱ्याचा दिवस वाया गेला. रेघ दिसली की एल्वीला त्या दिवशी सडकून भूक लागते. नाही दिसली तर मेव्हिसच्या कॅफेत ती अर्धं ताट तसंच ठेवते आणि म्हणते, "आज लोणी खवट होतं."

"लोणी सकाळी आणलंय," मेव्हिस म्हणते. "खवट काय आहे ते मला माहीत आहे."

आज ती एकोणसत्तर वर्षांची आहे. स्वतःची बोट चालवते, स्वतःचे पिंजरे टाकते, आणि डिसेंबरच्या थंडीत पन्नाशीतले पुरुष कुल्ले शेकत बसलेले असताना ही डेकवर उभी असते. पण तिच्या ज्या जळण्याची गोष्ट आम्ही अजून सांगतो ती परक्याच्या बोटीवरची नव्हे. ती घरातली आहे, आणि एका टोपीवरून झाली.

तिचे वडील ऊनो रंताला. दिवसात वीसेक शब्द बोलणार, त्यातले दहा हवेबद्दल. बोटीला त्यांनी बायकोचं नाव दिलं होतं, 'लेम्पी'. लेम्पीचे बोये पिवळे, कमरेला काळा पट्टा आणि टोकाला लाल. पिंजरा तळाशी बसतो, पाण्यावर तरंगतो तो फक्त बोया, म्हणून आमच्याकडे समुद्रावर माणूस ओळखायचा तो रंगांवरून. एकाचे रंग दुसऱ्याला घेता येत नाहीत, त्यांची सरकारी नोंद असते, आणि बोट ज्याच्या हाती जाते त्याच्याकडेच रंग जातात. लांबून पिवळा-काळा-लाल दिसला की लोक म्हणायचे, रंताला आधीच येऊन गेलेत, चला पुढे.

एल्वी विसाव्या वर्षी वडिलांबरोबर डेकवर उभी राहिली आणि एकोणीस हिवाळे हलली नाही. बोया आकड्याने ओढायचा, दोर कप्पीवर चढवायचा, पिंजरा वर आला की झाकण उघडायचं, माद्या परत पाण्यात, मापाला कमी पडणारे नर परत पाण्यात, उरलेले टाकीत, नवा चारा घालून पिंजरा पुन्हा खाली. हे सगळं होईपर्यंत वडिलांच्या पाइपचा एक झुरकाही पुरा होत नसे. दर नोव्हेंबरात शेडमध्ये बसून ती चारशे बोये रंगवायची. काळा पट्टा ती पट्टी न लावता ओढायची आणि तो केसाइतकाही वाकडा जात नसे. ते रंग तिला आपलेच वाटायचे. ते तुझे आहेत असं कोणी तिला सांगितलं नव्हतं, पण नाहीत असंही कोणी म्हटलं नव्हतं.

आणि लायल? लायल तिचा धाकटा भाऊ, सात वर्षांनी लहान. नदीच्या मुखाशी, जिथे वाळूच्या उथळ पट्ट्यावर लाटा उभ्या राहतात, तिथे बोट पोचायच्या आतच तो ओकायला बादली मागायचा. अठरा पूर्ण होताच पोर्टलंडला पळाला आणि तिथे गालिचे विकू लागला. नाताळला फोन करायचा. बत्तिसाव्या वर्षी दुकान बुडालं, तेव्हा ऑक्टोबरच्या एका दुपारी दोन सुटकेसा घेऊन दारात उभा राहिला. एल्वीने त्याच्यासाठी कॉफी टाकली, वेलचीचा गोल पाव कापला, आणि मनात म्हणाली, आला पाहुणा.

आमच्या फिनिश घरांत शनिवारी सौना, म्हणजे वाफेच्या न्हाणीची खोली, तापवतात. आधी पुरुष, मग बायका. आई गेल्यापासून रंतालांच्या घरात बाई एकच, त्यामुळे एल्वीच्या वाट्याला नेहमी उरलेली ऊब यायची. लाकडं मात्र तीच फोडायची. त्या शनिवारी ऊनो आणि लायल आत गेले आणि ती बाहेर बाकावर टॉवेल मांडीवर घेऊन बसली. आतून तापल्या दगडांवर पाणी टाकल्याचा आवाज येत होता आणि मधून मधून वडिलांचा. तिला शब्द कळत नव्हते, पण वडील इतका वेळ बोलताहेत याचंच तिला नवल वाटलं.

ते बाहेर आले तेव्हा दोघंही उकडलेल्या खेकड्यासारखे लाल होते. ऊनोंनी दाराला धरून पाय खाली टाकला. त्यांचा गुडघा कामातून गेला होता, हे सगळ्यांना दिसत होतं.

"यंदा सुकाणू लायल धरेल," ते म्हणाले. "तू डेकवर आहेसच. त्याला शिकव."

"काय शिकवू?" एल्वीने विचारलं.

"सगळं," ऊनो म्हणाले.

ती "बरं" म्हणाली आणि आत गेली. दगड निवले होते. तिने त्यावर पाण्याची पूर्ण बादली ओतली, पण वाफ काही धरेना.

जिला सगळं येतं तिने डेकवर राहायचं आणि ज्याला काहीच येत नाही त्याने कॅप्टन व्हायचं, या हिशेबात ऊनोंना वावगं असं काही दिसत नव्हतं. मुलगा परत आला, मुलाला बोट. त्या काळी आमच्या धक्क्यावर दहातल्या नऊ जणांना त्यात काही खटकलं नसतं. दहावी एल्वी होती. तिच्या अंगाचा तिळपापड होत होता आणि तो ती रोज सकाळी गिळून शेडमध्ये जात होती.

शेडमध्ये लायलही यायचा. मनाने तसा वाईट नव्हता. बडबड्या होता, कामाला हात लावायचा, पण त्याच्या हातात ब्रश दिला की पिवळ्यावर काळ्याचे ओघळ. तो गेला की एल्वी ते बोये खरवडून पुन्हा रंगवायची.

"काय गं, माझा पट्टा आवडत नाही का तुला?" तो विचारायचा.

"पट्टा आहे का तो? मला वाटलं बोया रडतोय."

तो मोठ्याने हसायचा. त्याला टोमणा लागायचाच नाही, आणि याचाच तिला सर्वांत जास्त राग यायचा.

बोये झाले की दोऱ्या. पिंजऱ्याचं झाकण रबरी पट्ट्याने ओढून बसवतात, आणि तो पट्टा अडकवतात साध्या सुती दोरीच्या फाशाला. सुतीच का, तर वादळात पिंजरा हरवला तर ती दोरी काही महिन्यांत कुजावी, झाकण आपोआप उघडावं आणि आतले खेकडे सुटावेत. नाहीतर हरवलेला पिंजरा तळाशी वर्षानुवर्षं खेकडे मारत राहतो. म्हणून दर हंगामाला दोरी नवी. जुनी दोरी धुतली तरी हाताला करडी, भुसभुशीत लागते, ओढून बघावी तर धरल्यासारखी वाटते आणि समुद्राने चार हिसडे दिले की तुटते. हे काम एल्वीचं होतं. ती डावखुरी, त्यामुळे तिच्या गाठीचे वेढे सगळ्या बंदराच्या उलट दिशेला जायचे. एकोणीस वर्षांत लेम्पीच्या एकाही पिंजऱ्यावर जुनी दोरी गेली नव्हती.

तीनशे चाळीस पिंजरे बांधून झाले होते आणि साठ राहिले होते, तेव्हा लायल शेडच्या दारात आला. त्याच्या डोक्यावर ऊनोंची निळी लोकरी टोपी होती. ती टोपी एल्वीच्या आईने विणली होती. कानाजवळ एल्वीने ती दोनदा रफू केली होती.

"बाबांनी दिली," लायल म्हणाला. टोपी त्याला मोठी होत होती, भुवयांवर येत होती. "कशी दिसते कॅप्टनला?"

"कॅप्टन कुठाय?" एल्वी म्हणाली.

तो हसत हसत गेला. एल्वी बराच वेळ हातातल्या दोरीच्या गुंडाळीकडे बघत बसली. टोपी मागायचं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. पण ती त्याच्या डोक्यावर बघितली आणि तिला आतून इतकं जळलं, की तोंडाला कडू चव आली. मग ती उठली, पुढचा पिंजरा ओढला, त्याच्यावरची गेल्या वर्षीची दोरी बोटाने ताणून पाहिली आणि म्हणाली, "चालेल." हा शब्द ती शेडमध्ये आयुष्यात पहिल्यांदा म्हणत होती. त्या साठही पिंजऱ्यांना तिने तोच शब्द वापरला.

तिला काय हवं होतं? लायल बुडावा असं नाही. एक रांग रिकामी यावी, संध्याकाळी वडिलांनी मान हलवावी, आणि म्हणावं, पोरा, हे तुझं काम नव्हे. एवढंच. ते साठ पिंजरे कुठे पडणार हेही तिला माहीत होतं: उत्तरेच्या खोलगट भागात, ऑर्वल टॉफ्टी या म्हाताऱ्या खेकडेवाल्याच्या रांगेला लागून.

हंगाम उघडायच्या तीन दिवस आधी पिंजरे टाकू देतात, पण उचलायचे ते ठरलेल्या सकाळीच. त्या तीन दिवसांत पश्चिमेकडून मोठी लाट आली. चौथ्या दिवशी लेम्पी बाहेर पडली. सुकाणूवर लायल, डेकवर एल्वी आणि एक भाडोत्री गडी. पहिली रांग आली ती खच्चून भरलेली. एका पिंजऱ्यात बावीस, दुसऱ्यात पंचवीस, सगळे रुंद पाठीचे, जड नर. दुसरी रांग तशीच. लायल वर काचेआड गाणं म्हणत होता. त्याला एकदाही ओकारी आली नव्हती. एल्वीचा स्वतःचाही त्या खेकड्यांत वाटा होता, पण ती जणू आपल्याच घरात कोणी चोरी करतंय अशा तोंडाने पिंजरे उपसत होती. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी इतकं मिळतं, आणि तिला पहिल्या वर्षी गोगलगायी मिळाल्या होत्या.

मग उत्तरेची रांग आली. पहिला पिंजरा वर आला तो झाकण लोंबकळत. आत चाऱ्याची रिकामी बरणी. दुसरा तसाच. तिसऱ्यात एक मादी आणि चार तारामासे. साठांतले त्रेचाळीस उघडे निघाले.

लायल खाली आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने झाकण हलवून पाहिलं आणि मग मान वळवली. शंभर हातांवर हिरवे-पांढरे बोये तरंगत होते, ऑर्वल टॉफ्टीचे. काल अंधार पडताना ऑर्वलची बोट याच भागात होती, हे अर्ध्या बंदराने पाहिलं होतं.

"त्यानेच उघडलेत," लायल म्हणाला.

एल्वीच्या मुठीत कुजक्या दोरीचा तुकडा होता. तिने हात कठड्याबाहेर नेला आणि मूठ उघडली. तुकडा पाण्यात पडला.

दोरी कुजली असावी हे कुठल्याही जुन्या माणसाला पहिल्या पिंजऱ्यालाच सुचलं असतं. लायलला ते सुचणं शक्य नव्हतं. त्याला ते कोणी शिकवलंच नव्हतं, आणि शिकवणारी तर शेजारीच उभी होती. तो वर गेला आणि त्याने रेडिओ उचलला. तोही सगळ्या बोटी ऐकतात त्या चॅनलवर.

"टॉफ्टी, माझे खेकडे गोड लागले का रे?"

आमच्या किनाऱ्यावर तुम्ही दारू पिऊन पडा, बायकोला सोडून जा, लोक चार दिवस बोलतील आणि विसरतील. दुसऱ्याचा पिंजरा उपसणारा मात्र मेला तरी चोरच.  रेडिओवर ऑर्वलचा म्हातारा, खरखरीत आवाज आला, "काय म्हणालास?" आणि त्यानंतर चारही बाजूंनी सगळे एकदम बोलू लागले. सगळे लायलच्या बाजूने. ऊनोचा पोरगा, ऊनोचा पोरगा. एका दुपारभरात तो त्यांच्यातला झाला होता. एल्वीला एकोणीस वर्षांत रेडिओवर कोणी नावाने हाक मारली नव्हती. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला ऑर्वलची दया आली नाही. तिला हेच झोंबलं.

मेव्हिसच्या कॅफेत भिंतीवर हुकांची रांग आहे. प्रत्येक बोटीच्या माणसांचे कॉफीचे मग तिथे टांगलेले असतात. त्या संध्याकाळी कोणीतरी ऑर्वलचा मग काढून गल्ल्यावर पालथा घातला, म्हणजे हा आता आमच्यातला नाही. ऑर्वल आला, सदुसष्ट वर्षांचा, एकटा राहणारा, गमबूट न काढताच. त्याने हुकाकडे पाहिलं, मग गल्ल्याकडे. त्याने आपला मग उचलला, बाहीने तळ पुसला, कोटाच्या खिशात घातला आणि दार हळूच ओढून निघून गेला. एल्वी कोपऱ्यात होती. समोरचं ताट तिने पूर्ण संपवलं होतं, आणि आता तिने ते दूर सारलं.

"उद्या पहाटे," एक जण म्हणाला, "त्याचे बोये कापू. एकही ठेवायचा नाही."

"सहा बोटी पुरतील," दुसरा म्हणाला.

"मी आहेच," लायल म्हणाला. टोपी डोक्यावरच होती.

बोया कापला की पिंजरा कायमचा गेला. ऑर्वलकडे तीनशे पिंजरे होते, आणि त्याच्या जगण्यात दुसरं काहीही नव्हतं.

घरी ऊनो स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते. लंगडत लंगडत ते संध्याकाळी धक्क्यावर जाऊन आले होते. लेम्पीच्या डेकवर दुरुस्तीसाठी परत आणलेला एक पिंजरा होता, त्या साठांतला, झाकण धड राहिलेला. त्यांनी त्याचा फासा चाकूने कापून आणला होता. तो त्यांनी एल्वीच्या बशीशेजारी ठेवला.

"गाठ डावी आहे," ते म्हणाले. "दोरी जुनी."

"हो," एल्वी म्हणाली.

ऊनोंनी पाइप भरला, पेटवला नाही. "विसरलीस?"

तिने फासा बोटाने पालथा केला.

"माणूस विसरतं," ऊनो म्हणाले. "चारशे पिंजरे. डोक्यात दुसरं काही असेल. सकाळी मी सांगतो सगळ्यांना, की पोरगी विसरली. लायल माफी मागेल, ऑर्वल ऐकेल. झालं."

रस्ता सोपा होता. मान हलवली असती तर ऑर्वल सुटला असता, तीही सुटली असती, घराचं नावही राहिलं असतं. एल्वीने त्या फाशाकडे पाहिलं. मग तिच्या डोळ्यांसमोर धक्का आला, आणि धक्क्यावर बोलणारे लोक: एल्वी रंताला दोऱ्या बदलायला विसरते. बाईमाणूस, होतं असं. बरं झालं बोट लायलला दिली.

"मी विसरले नाही," ती म्हणाली. "बाबा, मी एकोणीस वर्षांत एक दोरी विसरले नाही. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे," ऊनो म्हणाले. "म्हणूनच विचारलं."

"मुद्दाम ठेवल्या."

"का?"

"तुम्ही टोपी त्याला दिलीत."

ऊनोंना ते कळायला बराच वेळ लागला. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला, जणू टोपी तिथेच असावी. "ती जुनी होती," ते शेवटी म्हणाले. "तुला कशाला देऊ असं वाटलं. तुला नवी घेणार होतो."

एल्वी उठली आणि बश्या धुवायला लागली. एकच बशी तिने तीनदा धुतली. नंतर मेव्हिसजवळ ती म्हणाली होती, की त्यांनी मला झोडपलं असतं तर बरं झालं असतं.

पहाटे पाचला कॅफेत सहा बोटींची माणसं कॉफी पीत होती. बऱ्याच जणांच्या कमरेला चाकू होते. एल्वी आली ती ऑर्वलला बरोबर घेऊन. त्याला तिने घरून उठवून आणलं होतं, कशासाठी ते सांगितलं नव्हतं, आणि तो बिचारा रात्रीच्या सदऱ्यावर कोट घालून आला होता. तिने त्याच्या खिशातून मग काढला आणि भिंतीवरच्या हुकाला परत लावला.

"टॉफ्टींनी काही केलेलं नाही," ती म्हणाली. "त्या साठ पिंजऱ्यांना दोऱ्या जुन्या होत्या. मी बदलल्या नाहीत."

"राहून गेलं असेल," लायल लगेच म्हणाला. "होतं असं, एल्वी."

"राहून गेलं नाही!" ती इतक्या जोरात ओरडली की मेव्हिसच्या हातातली किटली हिंदकळली. "राहून जाणारी मी नाही. मी ठरवून ठेवल्या. तू तोंडावर पडावंस म्हणून. काल तू रेडिओवर बोललास तेव्हाही मला माहीत होतं, आणि मी गप्प बसले."

कोणीतरी फिस्सकन हसलं आणि तिथेच थांबलं.  लायलने टोपी काढली. त्याचे केस एका बाजूला चपटे बसले होते आणि तो एकदम बारा वर्षांचा दिसायला लागला.

"यासाठी?" तो म्हणाला. शेडच्या दारातलं तिचं तोंड त्याला आता आठवलं असावं. "घे की मग. मागायचीस ना. मला डोळ्यांवर येते ही."

"नको आता," एल्वी म्हणाली. "तुझ्या तेलाचा वास लागलाय."

मेव्हिसने हुकावरून एल्वीचा मग काढला आणि गल्ल्यावर पालथा घातला. कोणी तिला तसं सांगितलं नव्हतं, आणि कोणी अडवलंही नाही. एल्वीने मान हलवली. लेम्पीवर आता पाय ठेवता येणार नाही, हे तिला कळलं होतं. पिवळा, काळा, लाल, सगळं त्या मगाखाली गेलं.

सगळे एकेक करून उठले. लायलने ऑर्वलसमोर उभं राहून काहीतरी पुटपुटलं. ऑर्वलने नुसती मान डोलावली. मग तो एल्वीकडे वळला.

"माझा डेकवरचा माणूस अलास्काला पळाला," तो म्हणाला. "सात वाजता निघतोय."

"मला घेताय?" एल्वी म्हणाली. "काल मी तुम्हाला चोर ठरू दिलं."

"तेच तर. रागावलीस की काय करतेस ते मी बघितलं. तू दुसऱ्याच्या बोटीवर असलीस तर मला झोप लागणार नाही."

तो सबंध हंगाम एल्वी कॅफेत कागदी कपातून कॉफी प्यायली. पुढच्या डिसेंबरात एका सकाळी तिचा मग हुकावर परत दिसला. कोणी लावला ते मेव्हिस अजून सांगत नाही.

ऑर्वलच्या डेकवर ती नऊ वर्षं राहिली. तो गेला तेव्हा त्याची बोट आणि हिरवा-पांढरा रंग एल्वीला देऊन गेला. तिने ते नीट सांभाळले, बोये रंगवले, पण बाहेरून येताना तिची नजर पिवळ्याकडेच जायची. ऊनो गेले, तेव्हा दफनभूमीच्या कुंपणाला लायलने एक बोया बांधला. एल्वी रात्रीच्या जेवणाआधी जाऊन त्याचा काळा पट्टा पुन्हा ओढून आली. बहीणभाऊ धक्क्यावर भेटले की हवेबद्दल बोलायचे. भांडण नव्हतं, पण गप्पाही नव्हत्या. लायल चांगला खेकडेवाला झाला, अगदी पहिल्या रांगेतला नाही, पण चांगला. रेघ त्याची बऱ्याचदा पाण्याखाली असायची, आणि त्या दिवशी लोणी खवट असायचं.

गेल्या डिसेंबरात वादळानंतर एल्वी आपली रांग उचलत होती. एका बोयाला दोन दोर गुंतून आले आणि तिच्या पिंजऱ्यामागोमाग दुसराही वर आला. पिवळा, काळा, लाल. असा गुंतलेला पिंजरा झाकण न उघडता सोडवायचा आणि परत सोडून द्यायचा, हा आमचा नियम. एल्वीने झाकण उघडलं नाही. पण जाळीतून मोजायला नियम आड येत नाही, आणि तिने दोनदा मोजले. सव्वीस. तिच्यात अठरा होते.

"मेल्या," ती म्हणाली.

मग तिचं लक्ष दोरीकडे गेलं. करडी, भुसभुशीत. गेल्या वर्षीची. लायल एकोणसाठीतच पिंजरे आळसाने बांधायला लागला होता, असं लोक म्हणत होते. आता तर एकसष्टीत होता. तिने जे सगळं पणाला लावून केलं होतं, ते हा पठ्ठ्या नुसता कंटाळ्याने करत होता. सोडून दिला असता तर आठवड्यात झाकण उघडलं असतं आणि सव्वीसच्या सव्वीस मोकळे झाले असते. तिने क्षणभर तो पिंजरा कठड्यावर तसाच धरून ठेवला. तो क्षण तिला फार गोड लागला, हे तिनेच आम्हाला सांगितलं.

मग तिने खिशातून नवी सुती दोरी काढली, जुनीच्या वर नवा फासा बांधला, पट्टा त्यात अडकवला आणि पिंजरा खाली सोडला.

पाच दिवसांनी रेडिओवर लायलचा आवाज आला, तोही सगळ्या बोटी ऐकतात त्या चॅनलवर. त्याला अजून अक्कल आली नव्हती.

"एल्वी, माझ्या एका पिंजऱ्यावर डावी गाठ आहे."

"मग?"

"किती होते आत?"

"सव्वीस."

"आणि तुझ्यात?"

 आसपासच्या सगळ्या बोटी कान टवकारून होत्या.

"बाकीच्या दोऱ्यापण जुन्याच आहेत," लायल म्हणाला. "बोटं धड वळत नाहीत आता. बोयेही असेच, कसेतरी रंगवतो."

"दिसतात मला. दर वर्षी दिसतात. रडतात ते अजून."

"मग नोव्हेंबरात ये ना," तो म्हणाला. "रंग तुझेच आहेत. मी नुसता टाकतो पाण्यात."

 एल्वीने बटण दाबलं आणि काही न बोलताच सोडलं.

परवा, नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी सातला ती रंतालांच्या शेडमध्ये येऊन बसली, स्वतःचे ब्रश घेऊन. लायल तिच्या आधी येऊन डबे उघडून बसला होता. पिवळा झाला, लाल झाला. काळ्याची वेळ आली तेव्हा तो शेजारी येऊन उकिडवा बसला आणि म्हणाला, "एक मी ओढू?"

"हात लावू नकोस," एल्वी म्हणाली आणि काळ्याचा डबा आपल्या मांडीजवळ ओढून घेतला.